जर्सी सिटी की न्यूयॉर्क? भाडेकरूच्या बाजूने पाहिलं तर

मॅनहॅटनमध्ये नोकरी लागली की घराचा प्रश्न बहुतेक मराठी मंडळींसमोर एकाच रूपात येतो: हडसन नदीच्या एका काठाला न्यूयॉर्क शहरात राहायचं, की समोरच्या काठाला न्यू जर्सी राज्यातल्या जर्सी सिटीत. मग भाडं, नदीखालून दोन्ही काठ जोडणाऱ्या पाथ ट्रेनची वेळ, जर्सी सिटीतल्या जर्नल स्क्वेअरजवळची किराणा दुकानं, शाळा यांवर भरपूर चर्चा होते. पुढच्या वर्षी भाडं किती वाढू शकतं आणि मालकाने 'घर खाली करा' म्हटलं तर आपल्या हातात काय आहे, हे मात्र लीजवर सही झाल्यावर आठवतं. दोन्ही काठांवर भाडेकरूंसाठी कायदे आहेत, पण ते वेगळ्या गोष्टींचं रक्षण करतात. न्यूयॉर्कचा भर भाड्यावर आहे, न्यू जर्सीचा तुमच्या घरात राहण्याच्या हक्कावर.

भाडं किती वाढेल?

न्यूयॉर्क शहरात १९६९ पासून रेंट स्टॅबिलायझेशनची, म्हणजे भाडेवाढीवर मर्यादा घालण्याची, पद्धत आहे. साधारणपणे १९७४ पूर्वी बांधलेल्या आणि सहा किंवा जास्त घरं असलेल्या इमारती तीत येतात. अशी सुमारे दहा लाख घरं आहेत. करसवलत घेऊन बांधलेल्या काही नव्या टॉवरमधली घरंही तीत मोडतात. या घरांची वाढ मालक ठरवत नाही. महापौरांनी नेमलेलं नऊ सदस्यांचं रेंट गाइडलाइन्स बोर्ड दरवर्षी ती ठरवतं. ऑक्टोबर २०२५ पासूनच्या वर्षभरात सुरू होणाऱ्या लीजसाठी हा आकडा एका वर्षाच्या लीजला ३ टक्के, दोन वर्षांच्या लीजला ४.५ टक्के होता. २०१५ आणि २०१६ मध्ये तर एका वर्षाच्या लीजवर वाढ शून्य होती. २०२५ मध्ये जोहरान ममदानी महापौरपदाची निवडणूक जिंकले, तेव्हा भाडं गोठवण्याचं त्यांचं आश्वासन याच घरांपुरतं होतं. तुमचं घर या यादीत नसेल तर त्या आश्वासनाचा तुम्हाला थेट उपयोग नाही.

यादीबाहेरच्या काही घरांना राज्याच्या २०२४ च्या 'गुड कॉज' (सबळ कारण) कायद्याचा आधार मिळतो. महागाई दर अधिक ५ टक्के, किंवा १० टक्के, यांतला जो आकडा कमी असेल त्याहून जास्त वाढ अवाजवी मानली जाते. पण छोटे मालक, २००९ नंतरच्या इमारती, कॉन्डो (स्वतंत्र मालकीचे फ्लॅट), को-ऑप (सहकारी संस्थेच्या इमारती) आणि फार महाग घरं या कायद्याबाहेर आहेत. आपले बरेच लोक न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या लाँग आयलंड सिटीच्या चकचकीत टॉवरमध्ये किंवा एखाद्याच्या कॉन्डोत राहतात. त्यांच्यापैकी अनेकांच्या भाड्यावर व्यवहारात कसलीच मर्यादा नसते.

जर्सी सिटीचं भाडेनियंत्रण शहराच्या स्वतःच्या नियमातून आलेलं आहे. पाच किंवा जास्त घरांच्या इमारतीत वर्षाची वाढ ४ टक्के किंवा महागाई दर, यांत जे कमी असेल तेवढीच करता येते. पळवाट अशी की न्यू जर्सी राज्याच्या १९८७ च्या कायद्याने नव्या इमारतींना जास्तीत जास्त तीस वर्षांची सूट दिली आहे. ही सूट मात्र आपोआप मिळत नाही. मालकाने इमारत वापरात येण्याआधी शहराकडे तसा अर्ज दाखल केलेला असावा लागतो. नदीकाठच्या पोर्टसाइड टॉवर्सच्या भाडेकरूंनी नेमका हाच कागद कुठे आहे असं विचारलं आणि लढा शहराचं भाडेनियंत्रण पाहणाऱ्या रेंट लेव्हलिंग बोर्डापर्यंत आणि न्यायालयापर्यंत नेला. मला हे उदाहरण मोलाचं वाटतं. 'इमारत नवी आहे, नियम लागू नाही' हे मालकाचं वाक्य कागद पाहिल्याशिवाय खरं मानू नये.

सॉफ्टवेअर वापरून अनेक मालकांनी मिळून भाडी चढवण्याच्या प्रकाराला जर्सी सिटीने २०२५ च्या मे महिन्यात बंदी घातली. त्याच वर्षी न्यूयॉर्क राज्यानेही तसा कायदा केला, म्हणून या मुद्द्यावर निवड करण्याची गरज उरलेली नाही.

लीज संपली, आता काय?

पुण्या-मुंबईत अकरा महिन्यांचा करार संपला की सामान बांधायचं, हे आपल्या अंगवळणी पडलेलं असतं. न्यू जर्सीत तसं नाही. १९७४ च्या अँटी-एव्हिक्शन कायद्यानुसार, कायद्यात लिहिलेल्या कारणांपैकी एखादं असल्याशिवाय मालक तुम्हाला काढू शकत नाही आणि लीजचं नूतनीकरणही नाकारू शकत नाही. भाडं थकवणं, घराचं नुकसान, वारंवार नियम मोडणं अशी ती कारणं आहेत. हे संरक्षण नव्या टॉवरलाही आहे, भाडेनियंत्रणाबाहेर असला तरी. तिथे अवाच्या सवा वाढ करून तुम्हाला घालवायचा प्रयत्न झाला, तर ती न्यायालयात आव्हान देण्याजोगी असते. न्यूयॉर्कमध्ये एवढी खात्री फक्त स्टॅबिलाइज्ड घरात आणि काही प्रमाणात 'गुड कॉज'खालच्या घरात मिळते. बाकीच्यांना राहण्याच्या कालावधीनुसार ३०, ६० किंवा ९० दिवसांची नोटीस देऊन मालक नूतनीकरण नाकारू शकतो.

इथे एक मोठा खड्डा आहे आणि आपली माणसं त्यात सर्वांत जास्त पडतात. जर्सी सिटीच्या जर्नल स्क्वेअर आणि हाइट्स भागांमधली दोन-तीन कुटुंबांची घरं. मालक बहुधा देशी, ओळखीतून आलेला, खालच्या मजल्यावर स्वतः राहणारा. भाडं थोडं कमी, क्रेडिट स्कोअरची कटकट नाही. पण चार किंवा कमी घरांच्या इमारतीला शहराचं भाडेनियंत्रण लागू नाही. मालक तिथेच राहत असेल आणि भाड्याची घरं दोन किंवा त्याहून कमी असतील, तर अँटी-एव्हिक्शन कायदाही लागू नाही. म्हणजे सगळा आधार मालकाच्या चांगुलपणावर. अशा घरात डिपॉझिटचा कायदाही आपसूक चालू होत नाही. तो लागू व्हावा असं भाडेकरूने मालकाला लेखी कळवावं लागतं आणि मग मालकाला ३० दिवस मिळतात. संबंध कितीही जिव्हाळ्याचे असले तरी हे पत्र पाठवा.

एकट्या मालकाकडून कॉन्डो घेतला असेल तरी सावध राहा. त्याला स्वतःला तिथे राहायला यायचं असेल, किंवा राहायला येणाऱ्या गिऱ्हाइकाला त्याने घर विकलं असेल, तर न्यू जर्सीतही नोटीस देऊन तुम्हाला काढता येतं.

हातातून किती पैसे जातील?

या बाबतीत न्यूयॉर्क सरस आहे. डिपॉझिट एका महिन्याच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही, अर्जाचे २० डॉलरपेक्षा जास्त पैसे मागता येत नाहीत, आणि घर सोडल्यावर १४ दिवसांत हिशोबासह डिपॉझिट परत करावं लागतं. न्यू जर्सीत मर्यादा दीड महिन्याची आणि मुदत ३० दिवसांची. ३००० डॉलर भाडं असेल तर न्यूयॉर्कमध्ये ३०००, न्यू जर्सीत ४५०० अडकतात. न्यू जर्सीत डिपॉझिट व्याज देणाऱ्या खात्यात ठेवावं लागतं आणि मालकाने ते विनाकारण दाबलं तर न्यायालयातून दुप्पट वसूल करता येतं. जून २०२५ पासून न्यूयॉर्क शहरात ब्रोकरचे पैसे त्याला ज्याने नेमलं त्यानेच द्यायचे आहेत. जर्सी सिटीत मात्र ब्रोकरमार्फत घर घेताना एका महिन्याचं भाडं द्यावं लागू शकतं.

दुसऱ्या पारड्यात न्यूयॉर्क शहराचा स्वतःचा आयकर आहे, उत्पन्नानुसार सुमारे ३ ते ३.९ टक्के. जर्सी सिटीत राहून मॅनहॅटनला कामाला जाणाऱ्याला तो लागत नाही. डिपॉझिटमधला फरक यात सहज भरून निघतो.

नोकरी गेली तर

एच-वन-बी व्हिसा असलेल्यांना हा विचार टाळता येत नाही. नोकरी संपल्यावर नवी नोकरी शोधायला किंवा देश सोडायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात आणि लीज तर वर्षाची. दोन्ही राज्यांत मालकाला घर रिकामं ठेवून तुमच्याकडून उरलेलं सगळं भाडं मागत बसता येत नाही; त्याने नवा भाडेकरू शोधायचा वाजवी प्रयत्न केला पाहिजे. न्यू जर्सीत १९७७ च्या निकालापासून, न्यूयॉर्कमध्ये २०१९ च्या कायद्यापासून. म्हणून निघायचं ठरलं की त्याच दिवशी ईमेलने तारीख कळवा. प्रकरण न्यायालयात गेलं तर कमी उत्पन्नाच्या भाडेकरूला वकील देण्याची व्यवस्था न्यूयॉर्क शहराने २०१७ मध्ये आणि जर्सी सिटीने २०२३ मध्ये केली आहे.

माझं मत विचाराल तर, दोन-तीन वर्षांसाठी येणाऱ्या आणि नव्या टॉवरमध्येच राहू इच्छिणाऱ्या कुटुंबाने जर्सी सिटी निवडावी. दहा वर्षं राहायचं असेल आणि क्वीन्समध्ये जुन्या इमारतीतलं स्टॅबिलाइज्ड घर मिळत असेल, तर स्वयंपाकघर लहान आहे म्हणून ते सोडू नका. सहीपूर्वी न्यूयॉर्कमध्ये मालकाला घर स्टॅबिलाइज्ड आहे का हे लेखी विचारा, आणि राहायला गेल्यावर राज्याच्या गृहनिर्माण विभागाकडून त्या घराचा भाड्याचा इतिहास मागवा. तो फुकट मिळतो. जर्सी सिटीत महापालिकेच्या रेंट लेव्हलिंग कार्यालयात इमारतीचा पत्ता देऊन दोनच गोष्टी विचारा: नोंदणी आहे का, आणि सूट घेतली असेल तर तिचा अर्ज कोणत्या तारखेचा आहे.