तिसऱ्या फळीचा कोपरा

मोरजीच्या बाजूला 'पर्यावरणस्नेही' रेस्टॉरंट काढायचंय म्हणून एक गृहस्थ गेल्या वर्षी फोंड्याला माझ्याकडे आले. खाजनातला, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या खाऱ्या शेतातला, कोरगुट तांदूळ, पोफळीच्या विरीची ताटं, प्लास्टिकला थारा नाही. लोगोपासून मेनूकार्डापर्यंत सगळं मी करायचं, 60 हजार ठरले. मी कराराचा विषय काढला तर हसून म्हणाले, "आमी गोंयकारूच न्हय गे बाय? कागद कित्याक जाय?" त्या एका 'बाय'ने मी गप्प बसले.

काम मात्र जीव ओतून केलं. रायबंदरहून फेरीने चोडणला जाऊन मानशी, म्हणजे खाजनाच्या बांधातली लाकडी दारं, बघितल्या. ओहोटीला दारं उघडून शेतातलं पाणी बाहेर पडतं, भरतीच्या रेट्याने तीच दारं आपोआप मिटतात. त्यातूनच लोगो सुचला: तीन उभ्या फळ्या, वर भाताची लोंबी. तिसऱ्या फळीच्या खालच्या कोपऱ्यात एक पॉइंट जास्तीचा राहिला होता, त्यामुळे रेघेला बारीकसं कुबड आलं होतं. शेवटच्या फाइलीत काढू म्हटलं.

मग फोन आला. "पार्टनर उद्या दुबईला जातोय, मोठ्या पडद्यावर दाखवायचंय, तुझं चित्र फाटतंय. मूळ फाइल दे, सांजेला निम्मे पैसे टाकतो." मी व्हेक्टर फाइल पाठवली, कितीही मोठी केली तरी न फाटणारी. इथेच घात झाला. आठवड्याने 'पार्टनरला थीम पटली नाही' असा मेसेज, आणि नंतर माझा नंबरच ब्लॉक.

चार महिन्यांनी मैत्रिणीने फोटो पाठवला. लाकडी पाटी, माझ्या मातकट रंगाच्या जागी हिरवा, बाकी सगळं तेच. फोटो मोठा करून पाहिला, तर तिसऱ्या फळीचं ते कुबड सुताराने इमानदारीत कोरलेलं! (मागच्या टेबलावर पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटल्या होत्या, ते सोडा.)

वकिलांनी सांगितलं ते तुमच्याही कामाचं आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 19 प्रमाणे हक्क दुसऱ्याच्या नावे करायचा तर लेखी लागतं. म्हणजे कागद नव्हता, हे त्यांनाही नडतं. माझ्याकडे तारखांसकट ईमेल आहेत, पेन्सिलची रेखाटनं आहेत, चॅट आहे. रागाच्या भरात मी ते डिलीट करणार होते. 2006 च्या एमएसएमई कायद्याने छोट्या उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत चुकते करावे लागतात, पण माझी उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) या कामानंतरची, म्हणून ती वाट अडली. नोंदणीला एक पैसा लागत नाही हो, आळस नडला.

आता निम्मी रक्कम आल्याशिवाय पेन्सिल उचलत नाही, आणि पूर्ण पैसे येईपर्यंत आडवं नाव छापलेली बारकी जेपीजीच पाठवते. दोन गिऱ्हाइकं रुसून गेली. जाऊ देत.

नोटिशीला उत्तर आलंय: लोगो त्यांच्या भाच्याने काढला म्हणे. मी वकिलांना म्हटलं, भाच्याला एवढंच विचारा, तिसऱ्या फळीचा कोपरा तसा का?