फरसाणवाल्यांसाठी कॉस्टिंगची सर्विस: वर्षभर वापरून माझा अनुभव

भोसरीत आमचं शेव-चिवडा-भावनगरीचं छोटं युनिट आहे, सहा बायका आणि मी. गेल्या वर्षी जवळच्याच एका कॉस्ट अकाउंटंटच्या ऑफिसची कॉस्टिंगची सर्विस घेतली, म्हणजे प्रत्येक मालाचा पडता, किलोला खरा खर्च किती येतो, ते काढून देतात, वर्षाला १८ हजार. नाव इथे देत नाही, पण कोणी अशी सर्विस घ्यायचा विचार करत असेल तर हे वाचा.

का घेतली ते आधी सांगते. २०२४ च्या दिवाळीला कंपन्यांच्या गिफ्ट बॉक्सच्या ऑर्डरी मी ऑगस्टमध्येच जुन्या रेटने घेऊन बसले होते आणि १४ सप्टेंबरला सरकारने कच्च्या पाम, सोया, सूर्यफूल तेलावर २० टक्के आयात शुल्क लावलं, रिफाइंडवर साडेबारावरून साडेबत्तीस, आणि तेलाचे डबे लगेच महागले. शेवेच्या किलोत जवळपास तिसरा हिस्सा तेलच असतं हो! दिवाळीचा सगळा नफा कढईत गेला. विधानसभा तोंडावर होती, सोयाबीन क्विंटलला ४,८९२ रुपयांच्या हमीभावाखाली विकलं जात होतं, बाहेरचं तेल महागलं की सोयाबीनला भाव मिळेल म्हणून हे शुल्क. माझं माहेर लातूरकडचं, भाऊ सोयाबीनच पेरतो, त्यामुळे निर्णयाला नावं ठेवायला जीभ उचलत नाही, पण त्याला तरी कुठे हमीभाव मिळाला, बाजार खालीच राहिला.

तर या लोकांनी काय केलं, तीन दिवस येऊन बसले, प्रत्येक घाण्याच्या आधी आणि नंतर तेल मोजलं, गाळ मोजला, तुटलेली शेव सुद्धा मोजली. मी इतकी वर्षं अंदाजाने पडता काढत होते, भावनगरीत तर किलोमागे तोट्यातच होते हे तेव्हा कळलं. शीटमध्ये त्यांनी एक वेगळा रकाना केलाय, जे सरकार हलवतं ते सगळं तिथे : तेलाचं शुल्क, जीएसटी, गॅस. आकडा बदलला की प्रत्येक मालाचा पडता आपोआप बदलतो. ३० मे २०२५ ला कच्च्या खाद्यतेलावरचं शुल्क १० वर आणलं तेव्हा त्यांचाच फोन आला, की डबे आत्ता भरून ठेवू नका, थांबा. आता मी कोटेशनवर "रेट १० दिवस" लिहितेच, कोणी कितीही ओळखीचा असो.

खरी परीक्षा जीएसटीला झाली. २०२५ च्या १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून जीएसटी कमी करायची घोषणा, ३ सप्टेंबरला जीएसटी कौन्सिलची बैठक, २२ ला म्हणजे घटस्थापनेला लागू. पाकिटबंद फरसाण १२ वरून ५ वर. आता १० रुपयाच्या पाकिटाची किंमत हिशोबाने ९ रुपये ३८ पैसे होते, सुट्टे कोण देणार? त्यांनी सांगितलं किंमत तीच ठेवा, ४५ ग्रॅमचं ४८ ग्रॅम करा, म्हणजे गिऱ्हाइकाला फायदा पोचतो आणि कोणी विचारलं तर हिशोब दाखवता येतो. पटलं. पण ४५ ग्रॅम छापलेले पाकिटांचे रोल माझ्याकडे पडून होते, त्याचा विचार शीटमध्ये नव्हताच, तो खर्च मलाच सोसावा लागला. शिवाय त्या रोलवर मी १८ टक्के भरते आणि विकताना ५ वसूल करते, त्यामुळे पैसे अडकतात, हे मात्र त्यांनी नीट समजावून दिलं.

तक्रारी दोन. सप्टेंबरच्या त्या आठवड्यात फोनच उचलत नव्हते, सगळ्यांची एकदमच धावपळ असणार पण माझं पॅकिंग दोन दिवस थांबलं. आणि रिपोर्ट इंग्रजीत, माझ्या बायकांना मीच मराठीत लिहून भिंतीवर लावते.

पाचपैकी चार स्टार. महिन्याला दोन-तीनशे किलोच्या खाली माल असेल तर ही फी परवडणार नाही, त्यापेक्षा स्वतः वजनकाटा घेऊन एक दिवस घाण्याशेजारी बसा. मी रिन्यू केलंय, आणि यंदाचे रोल वजन न छापता मागवलेत, वजनाचा स्टिकर वेगळा.