आर भाषेतील आयग्राफ: जाळ्यांच्या आरेखनासाठी भरवशाचे पॅकेज

स्वारगेट, डेक्कन, हडपसर अशा पुण्यातील बसथांब्यांना बिंदू आणि मार्गांना रेषा मानून जाळे रेखाटायचे असेल, तर आर (R) या संख्याशास्त्रीय संगणकभाषेतील आयग्राफ (igraph) हे मोफत पॅकेज, म्हणजे तयार आज्ञांचा संच, मी निःसंकोच सुचवेन. त्याचा गाभा सी भाषेत लिहिलेला असल्यामुळे हजारो बिंदूंचे गणितही ते झपाट्याने उरकते. फ्रुख्टरमन आणि राइनगोल्ड यांनी १९९१ मध्ये मांडलेली रचनापद्धत, जिच्यात जोडलेले बिंदू एकमेकांना ओढतात आणि सर्वच बिंदू एकमेकांना दूर लोटतात, थांब्यांचे पुंजके सुरेख उलगडते. मात्र सुरुवातीच्या जागा यादृच्छिक असल्याने आधी सेट.सीड (set.seed) ही यादृच्छिक आकड्यांचा आरंभ ठरवून देणारी आज्ञा दिली नाही, तर दर वेळी आकृती बदलते. मूळ मांडणीत नावे बिंदूंवरच छापली जातात, हे मला खटकते. छपाईसाठी सोबत ggraph हे जाळी रेखाटणारे आरचेच दुसरे पॅकेज घ्यावे.