फुटबॉल मॅनेजर २४ : नारळ कोण देतं, बोर्ड की फॅन्स?

ज्यांना स्वतः गोल मारल्याशिवाय करमत नाही त्यांच्यासाठी हा गेम नाहीये, हे आधीच सांगतो. यात तुम्ही बॉलला पायच लावत नाही. टीम निवडायची, टॅक्टिक्स ठरवायची, खेळाडू घ्यायचे-विकायचे आणि मग टचलाइनवर उभं राहून जे होईल ते बघायचं. १९९२ पासून हे चालू आहे (तेव्हा नाव चॅम्पियनशिप मॅनेजर होतं, आत्ताचं नाव २००४ मध्ये आलं), त्यामुळे टॅक्टिक्स आणि स्काउटिंगवर लिहिणारे ढिगाने आहेत, त्यात मी भर घालत नाही. मला बोलायचंय सपोर्टर कॉन्फिडन्सच्या (म्हणजे फॅन्सचा मॅनेजरवर किती भरवसा आहे ते दाखवणाऱ्या) पानाबद्दल, जे २३ च्या एडिशनमध्ये आलं, २४ मध्येही आहे, आणि बहुतेक लोक एकदा उघडून विसरून जातात.

त्या पानावर काय आहे तर फॅन्स म्हणजे एकच गर्दी असं गेम धरत नाही, त्यांचे सहा प्रकार केलेत, हार्डकोअर, कोअर, फॅमिली, फेअर वेदर, कॉर्पोरेट आणि कॅज्युअल. प्रत्येक क्लबमध्ये यांचं प्रमाण वेगळं. हार्डकोअर म्हणजे क्लबसाठी जीव टाकणारे, फेअर वेदर म्हणजे जिंकतोय तोवर हजर आणि हरायला लागलो की गायब. आणि यांना हवं असतं तेही सारखं नसतं, कोणाला निकाल पाहिजे, कोणाला बघायला मजा येईल असा खेळ, कोणाला मोठं नाव साइन केलेलं पाहिजे. म्हणजे 'फॅन्स मॅनेजरवर नाराज आहेत' हे वाक्यच या गेममध्ये अर्धवट आहे, कुठले फॅन्स आणि कशावर नाराज ते विचारावं लागतं.

माझ्या एका सेव्हमध्ये (म्हणजे जपून ठेवलेल्या एका डावात) मी खालच्या डिव्हिजनची टीम घेतली, अकराच्या अकरा मागे बसवून, काउंटरवर (समोरच्याचा हल्ला फसला की उलट धावून) एखादा गोल ढापून प्रमोशन मिळवलं. बोर्ड, म्हणजे क्लब चालवणारे वरचे लोक, खूश, टेबल बघितलं तर मी हिरो. पण फॅन्सच्या पानावर टॅक्टिक्सच्या रकान्यात तोंडं वाकडी, आणि त्यात भर म्हणजे अकॅडमीतून आलेला लाडका विंगर मी चांगल्या पैशाला विकला होता, तो व्यवहार लोक विसरायलाच तयार नाहीत! निकाल चांगला, खेळाडूंची खरेदी-विक्री वाईट, खेळ कंटाळवाणा, तिन्ही मतं एकाच वेळी खरी. आमच्या मित्रांच्या ग्रुपमध्ये दर सीझनला 'हाकला' आणि 'थांबा जरा' अशा दोन पार्ट्या पडतात त्याचं कारण मला इथे जास्त स्पष्ट दिसलं, दोन्ही पार्ट्या एकच मॅच बघत असतात पण मार्क वेगवेगळ्या पेपरला देत असतात.

खऱ्या फुटबॉलमधलं ताजं उदाहरण टॉटनहॅमचं घ्या. २०२४-२५ ला मॅनेजर पोस्टेकोग्लूच्या टीमने लीगमध्ये ३८ पैकी २२ मॅच हरल्या, नंबर १७ वा, आणि त्याच सीझनला मँचेस्टर युनायटेडला १-० हरवून युरोपा लीग जिंकली, २००८ नंतरची क्लबची पहिली ट्रॉफी. फायनल २१ मेला, नारळ ६ जूनला. आता सांगा, काढायला हवा होता की नाही? १७ वर्षं कपाट रिकामं बघणाऱ्याचं उत्तर वेगळं आणि दर आठवड्याला पैसे भरून स्टेडियममध्ये जाऊन मार खाताना बघणाऱ्याचं वेगळं, आणि गंमत म्हणजे बऱ्याचदा हा माणूस एकच असतो.

इथेच गेमचं घोडं अडतं. गेममधले सहा गट आपापल्या रकान्यात गप्प बसतात, एकमेकांशी भांडत नाहीत. खरी फूट अशी नसते हो. मार्च २०१७ मध्ये वेस्ट ब्रॉमच्या ग्राउंडवर आर्सेनलची मॅच चालू असताना वर आकाशात एक विमान आर्सेनलचा तेव्हाचा मॅनेजर वेंगर याच्याविरुद्ध 'वेंगरला नवं कॉन्ट्रॅक्ट नको' असा बॅनर घेऊन फिरलं आणि दुसरं वेंगरचा आदर करा असा बॅनर घेऊन. खाली टीम ३-१ हरली. म्हणजे मॅनेजरविरुद्ध क्लब असं ते राहिलंच नव्हतं, फॅन विरुद्ध फॅन झालं होतं, आणि एकदा तसं झालं की निकालाने काही फरक पडत नाही, जिंकलो तर एक पार्टी म्हणते नशीब, हरलो तर दुसरी म्हणते रेफ्री. त्याच सीझनला आर्सेनलने चेल्सीला हरवून एफए कप उचलला, वेंगरला दोन वर्षांचं कॉन्ट्रॅक्टही मिळालं, तरी भांडण मिटलं नाही आणि २०१८ ला तो गेला. गेममध्ये मात्र चार मॅच जिंकल्या की आकडा गुमान वर चढतो. खुन्नस धरून बसणारा फॅन गेम बनवणाऱ्यांना अजून बनवता आलेला नाही.

बोर्डाचा भाग त्या मानाने भारी जमलाय. सीझनच्या सुरुवातीलाच क्लब व्हिजन नावाची यादी हातात देतात, अमुक नंबर यायला हवा, आक्रमक खेळा, पोरांना संधी द्या वगैरे, आणि खुर्ची डळमळायला लागली की मीटिंगला बोलावून पुढच्या काही मॅचमध्ये इतके पॉइंट आणा नाहीतर निघा असा सरळ दम. ती मीटिंग आली की खरंच पोटात गोळा येतो, सेव्ह असली म्हणून काय झालं. मँचेस्टर युनायटेडचा मॅनेजर फर्ग्युसन याला १९८९ च्या डिसेंबरमध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर 'तीन वर्षं नुसती कारणं' अशा अर्थाचा बॅनर बघावा लागला होता, पुढच्याच मे महिन्यात एफए कप आला आणि मग २०१३ पर्यंत १३ लीग टायटल. 'थांबा जरा' वाले हे उदाहरण ताबडतोब फेकतात. पण थांबून काहीच न झालेले मॅनेजर किती, त्यांची नावं कोणाला आठवतात?

बाकीचं पटकन. सेट पीसचं (कॉर्नर, फ्री किक वगैरेचं) काम या एडिशनला नव्याने केलंय आणि ते खरंच वापरण्यासारखं आहे. २३ मधली सेव्ह इथे पुढे नेता येते, हे जुन्या खेळाडूंसाठी मोठं सुख. मॅचचे ग्राफिक्स ठीकठाक, त्यासाठी कोणी हा घेतही नाही. प्रेस कॉन्फरन्स म्हणजे शुद्ध छळ, तेच तेच प्रश्न, तीच तीच उत्तरं, असिस्टंटला पाठवून द्या आणि मोकळे व्हा. यानंतरचा २५ कंपनीने रद्दच केला आणि नोव्हेंबर २०२५ ला आलेला २६ युनिटी या नव्या सॉफ्टवेअर इंजिनवर आहे, तो दिसायला-वापरायला बराच वेगळा, त्यामुळे जुन्या स्टाइलचा शेवटचा म्हणून २४ ला किंमत आहे.

नवीन असाल तर मोठा क्लब घेऊ नका, मोठ्या क्लबमध्ये दुसरा नंबर आला तरी लोक चिडतात आणि तुम्हाला कळतही नाही कुठे चुकलं. मधला कुठलातरी घ्या, पहिल्याच दिवशी सपोर्टर प्रोफाइल उघडून कोण किती आहेत ते बघा, मग ट्रान्सफर विंडोत शिरा. लाडका खेळाडू विकायचाच असेल तर निदान दोन-तीन मॅच जिंकून विका.

पाचपैकी चार. कापलेल्या एकातला अर्धा प्रेस कॉन्फरन्सचा, अर्धा त्या गप्प बसणाऱ्या फॅन्सचा.