चार मिनिटं दहा सेकंद

माझी पुतणी पुण्याहून विचारते, "काकू, कोरोनात तुम्ही ते डॉक्टरचं ॲप वापरलं होतं ना? त्याचा वर्षाचा प्लॅन घेऊ का?" फोनवर सांगता सांगता भात खाली लागला, म्हणून आता लिहूनच काढते. ॲपचं नाव लिहीत नाही. एका रात्रीच्या अनुभवावरून सगळी कंपनी वाईट ठरवायची नाही, आणि तशी बरीच ॲप्स तेव्हा सारखीच होती.

एप्रिल 2021. आम्ही बडोद्याच्या दांडिया बाजारात राहतो, जुनं घर, पुढे ओटा, मध्ये झोपाळा. 13 तारखेला पाडवा झाला, गुढी गॅलरीतच उभी केली. आमचे हे आधीच पॉझिटिव्ह, माडीवरच्या खोलीत. त्यांचं ताट मी जिन्यात स्टुलावर ठेवायची आणि खाली येऊन टाळी वाजवायची. पाडव्यानंतर दोन दिवसांनी रात्री सासूबाई म्हणाल्या, "अंगात कसर वाटतेय गं. कणकण आहे." वय 79, मधुमेह वीस वर्षांचा. बडोद्यात रात्री आठपासून कर्फ्यू. रावपुऱ्यातल्या आमच्या डॉक्टरांचा फोन सतत बिझी. अशा वेळी सव्वाअकराला त्या ॲपवर डॉक्टर मिळाला, 499 रुपये. एवढं श्रेय त्याला द्यायलाच हवं. दुसरं म्हणजे म्हाताऱ्या माणसाला खोकणाऱ्यांच्या गर्दीत दवाखान्याच्या बाकावर बसवावं लागलं नाही. ऑनलाइन डॉक्टरचा त्या दिवसांतला खरा उपयोग हाच होता.

पण पुढचं ऐक.

आधी इंग्रजी फॉर्म. त्यात मी मधुमेह लिहिला, गोळ्यांची नावं लिहिली. मग "डॉक्टर लवकरच जोडले जातील" असं चाक बारा मिनिटं फिरत राहिलं. जोडले गेले ते बेंगळुरूचे, तरुण, दमलेले. डोळ्यांखाली काळं. मला त्यांची दयाच आली, खोटं कशाला बोलू. मी प्राथमिक शाळेत शिकवते, तेव्हा रोज सकाळी ऑनलाइन वर्ग घेत होते, त्यामुळे समोरचा नुसता मान हलवतोय आणि ऐकत काहीच नाहीये हे मला लगेच कळतं. वर्गातली चाळीस मुलं तेच करायची.

"कणकण" हिंदीत कसं सांगायचं? मी म्हटलं, "हल्का बुखार जैसा, पर बुखार नहीं." त्यांनी विचारलं, "बुखार है या नहीं?" आता कसर म्हणजे काय हे ज्याच्या अंगात आलीय त्यालाच माहीत! थर्मामीटर 99.6 दाखवत होता. त्यांनी वजन विचारलं, कशाची ॲलर्जी आहे का विचारलं. ऑक्सिजन विचारला नाही. कॅमेरा सगळा वेळ माझ्यावर होता, सासूबाई झोपाळ्यावर मागे बसलेल्या. "पेशंटला दाखवा" असं ते एकदाही म्हणाले नाहीत. मधे आवाज गेला, पुन्हा आला. चार मिनिटं दहा सेकंदांत कॉल संपला आणि पीडीएफ आली. सहा औषधं.

मधुमेहाचं मी तोंडाने सांगितलं नाही, फॉर्ममध्ये आहे म्हणून गप्प बसले. ही माझी चूक. पण फॉर्म वाचायचाच नसेल तर भरून कशाला घेता?

सकाळी मेडिकलवाल्याने चिठ्ठी खालीवर केली. "बेन, आमां डॉक्टरनो नंबर नथी." नाव होतं, पदवी होती, पण वैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक नव्हता. तोपर्यंत मला हे माहीतही नव्हतं. केंद्र सरकारने 25 मार्च 2020 ला, म्हणजे लॉकडाऊन लागलं त्याच दिवशी, फोनवरून आणि व्हिडिओवरून तपासणीचे नियम काढले. त्यात सांगितलंय की डॉक्टरने आपला नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर लिहिलाच पाहिजे. आणि प्रकरण तातडीचं वाटलं तर फोनवर जुजबी सल्ला देऊन रुग्णाला दवाखान्यात पाठवायचं. नियम चांगले आहेत. वाचले पाहिजेत, रुग्णाच्या घरच्यांनीसुद्धा.

औषधं न घेता घरी आले आणि रावपुऱ्याचा नंबर फिरवत बसले. तेराव्या वेळी लागला. आमचे डॉक्टर गुजराती, पन्नाशीचे, व्हॉट्सॲपवर व्हिडिओ लावायला त्यांना त्यांची मुलगी लागायची. अर्धा वेळ त्यांचं कपाळच दिसत होतं. पण पहिलं वाक्य हे: "फोन बा सामे राखो." बा म्हणजे सासूबाई, फोन त्यांच्यासमोर धरा.

मग त्यांनी सासूबाईंना काहीतरी लांबलचक बोलायला सांगितलं, एका दमात. आमच्या सासूबाईंनी पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, सुरू केली! त्यांच्या लहानपणी पावकी, निमकी, पाऊणकी तोंडपाठ करून घ्यायचे, ती अजून जात नाही. डॉक्टर ऐकत राहिले. त्यांना आकडे कळत नव्हते, मधे दम कुठे तुटतो ते ते ऐकत होते. नंतर ऑक्सिमीटर. आधी विचारलं, नखाला रंग आहे का, बोट गार आहे का. बसून 97. मग म्हणाले, घरातल्या घरात सपाट जमिनीवर चालवा, जिना नको. सहा मिनिटं चालवतात, पण साठीच्या पुढच्यांना तीन पुरे. ओसरीतून स्वयंपाकघरापर्यंत आणि परत, मी मागून फोन धरून, सासूबाई पदर खोचून. चालून आल्यावर 96. आकडा 93 च्या खाली गेला किंवा चालल्यावर तीनाहून जास्त घसरला तर वाट बघायची नाही, म्हणाले.

साखर मोजली, 286.

आता मी ती पीडीएफ पाठवली. तिकडून बराच वेळ काही नाही. मग चौथ्या औषधाचं नाव वाचून ते म्हणाले, हे स्टेरॉइड आहे, कुणी दिलं? बांचा ऑक्सिजन 96 आहे, याची गरज नाही, आणि साखर यानेच 400 वर जाईल. जून 2020 मध्ये ऑक्सफर्डच्या मोठ्या चाचणीचे निकाल आले होते ते मी नंतर वाचले. डेक्सामेथासोन या स्टेरॉइडमुळे ज्यांना व्हेंटिलेटर किंवा ऑक्सिजन लागत होता त्यांचे मृत्यू कमी झाले, पण ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना काहीही फायदा दिसला नाही. म्हणजे हे माहीत होऊन दहा महिने झाले होते. मे महिन्यात सयाजी रुग्णालयात काळ्या बुरशीचे रुग्ण भरायला लागले, बहुतेक मधुमेहाचे, पुष्कळांनी स्टेरॉइड घेतलेलं. गुजरातने 20 मे ला तो साथीचा रोग म्हणून जाहीर केला. ते वाचताना मी दोनदा उठून सासूबाईंच्या नाकाजवळ, डोळ्यांखाली सूज आहे का ते बघून आले. काही नव्हतं. "काय बघतेस सारखी?" म्हणून ओरडल्या.

आमच्या डॉक्टरांनी दिलं काय, तर पॅरासिटामॉल, पाणी, इन्सुलिनचे चार युनिट जास्त, आणि एक तक्ता: ताप, ऑक्सिजन, साखर, दिवसातून तीनदा. रोज रात्री नऊला तक्त्याचा फोटो. सातव्या दिवसापासून दहाव्यापर्यंत जास्त लक्ष द्या, म्हणाले. फी 300, तीसुद्धा मागून घ्यायला त्यांना लाज वाटत होती.

समोरच्या वाड्यातल्या वहिनींनी सरकारची ऑनलाइन डॉक्टरची सेवा, ई-संजीवनी, वापरली. ती एप्रिल 2020 मध्ये सुरू झाली, मोहालीच्या सी-डॅक या सरकारी संस्थेने बनवलेली, फुकट. मोबाइलवर ओटीपी, मग टोकन, मग रांग, मग डॉक्टर, आणि चिठ्ठी फोनवर. त्यांचं काम झालं. मी स्वतः वापरली नाही, म्हणून जास्त बोलत नाही.

तर तुझा प्लॅन. थायरॉइडच्या गोळीचा डोस, रिपोर्ट दाखवणं, एवढ्यासाठी ॲप ठीक आहे, मीही वापरीन. पोटात दुखतंय, छातीत भरून आलंय, यासाठी नाही. पैसे भरण्याआधी तुझ्या नेहमीच्या डॉक्टरांना विचार, व्हिडिओवर बघतात का. बघत असतील तर वर्षाचे पैसे वाचव. माझ्याकडून ॲपला पाचपैकी दोन. रात्री सव्वाअकराला उचललं, त्याचे.

ती पीडीएफ अजून माझ्या फोनमध्ये आहे. पाठवते. खाली सहीच्या बाजूला जी रिकामी जागा दिसेल, नंबर तिथे असायला हवा होता.