एअर फ्रायरमधला घरचा ग्रॅनोला: दहा महिने करून झाल्यावरचा अनुभव

गेल्या दिवाळीत एअर फ्रायर घेतला. चार लिटरचा, १५०० वॉटचा, दोन गोल बटणांचा साधा, एक टेंपरेचरचं आणि एक टायमरचं. घेतला होता समोसे-कटलेटसाठी, पण तळणीचं काम त्याच्यावर फारसं झालंच नाही, आमच्याकडं भजी कढईतलीच लागतात सगळ्यांना. तो खरा चाललाय ग्रॅनोलासाठी, म्हणजे ओट्स, दाणे, बिया मधात किंवा काकवीत घोळून कुरकुरीत करायचा न्याहारीचा प्रकार. आठवड्यातनं दोनदा धरलं तर सत्तरच्या वर घाणे झालेत आत्तापर्यंत, त्यामुळं आता नीट लिहावं असं वाटलं, कारण मी सुरू केलं तेव्हा जे वाचलं-बघितलं त्यातलं निम्मं माझ्या मशीनला लागूच पडलं नाही.

मी कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगावला फौंड्रीत आहे, सातची शिफ्ट, त्यामुळं सकाळी सहाला घरातनं बाहेर. त्या वेळेला पोह्याला फोडणी घालायला कुणाला उठवायचं नाही आणि उपाशीपण जायचं नाही म्हणून दूध आणि ग्रॅनोला. विकतचा आणत होतो आधी, पण तो इतका गोड असतो की मुलं नुसता मुठीनं खायची आणि चार दिवसात पाकीट संपायचं.

पहिला घाणा सांगतो. कुठंतरी बघितलं होतं १८० डिग्री, दहा मिनिटं. तसंच केलं, मध घालून. सहाव्या मिनिटाला वास सुटला आणि आई देवघरातनं ओरडली, "जळायलंय की रे ते!" बास्केट ओढली तर वरचे ओट्स कॉफीच्या रंगाचे, कडेचे बदाम काळे, आणि चमच्यानं उलटलं तर खालचा थर अजून ओला, मधानं चिकट, हाताला लागणारा. शिवाय पंख्याच्या वाऱ्यानं चार-पाच ओट्स उडून वर कॉइलला चिकटलेले आणि लाल ठिपक्यासारखे जळत होते. प्लग काढला, पूर्ण गार होऊ दिलं, मग मशीन उलटं करून मऊ ब्रशनं ते झाडून काढले. कॉइल गरम असताना कुणी असलं काही करायला जाऊ नका.

दुसऱ्या-तिसऱ्या वेळी १६०, मग १५०, थोडं बरं झालं पण कुरकुरीतपणा काही येईना. बाहेरनं रंग यायचा आणि खाल्ल्यावर आत चिवट. तेव्हा आईच म्हणाली, "चिवड्याचं पोहं आपण ऊन दाखवून घेतो का न्हाई? आधी वाळवायचं, मग परतायचं. तू डायरेक्ट परतायलायस." आणि तिथं माझं कोडं सुटलं. ग्रॅनोला हा भाजायचा पदार्थच नाही खरं तर, तो वाळवायचा पदार्थ आहे. रंग हा शेवटी येणारा भाग. नंतर वाचलं तर मूळचा प्रकारपण तसाच निघाला, अमेरिकेत जेम्स केलेब जॅक्सन नावाच्या डॉक्टरांनी १८६३ मध्ये जो 'ग्रॅन्युला' केला तो कोंड्यासकटच्या गव्हाच्या पिठाचा, भाजायचा, तुकडे करायचे, परत भाजायचा, आणि इतका कडक की रात्रभर दुधात भिजवल्याशिवाय खाता यायचा नाही. ओट्स-मधाचा आत्ताचा प्रकार पुढं आला.

तर आता मी काय करतो. रोल्ड ओट्स २०० ग्रॅम, जाड चपटे असतात ते. इन्स्टंट ओट्स घेऊ नका, त्याचा भुगा होतो आणि पंख्यानं उडतो. नुसते ओट्स, काही न घालता, १२० ला पाच मिनिटं. हे आपलं ऊन दाखवणं. बाहेर काढून त्यात शेंगदाणे आणि बदाम मिळून ५० ग्रॅम (बदाम चिरून, शेंगदाणे सालं काढून दोन फाकी करून), भोपळ्याच्या आणि सूर्यफुलाच्या बिया मिळून मूठभर, एक मोठा चमचा तीळ, चिमटीपेक्षा जरा जास्त मीठ, अर्धा चमचा सुंठ. मीठ सोडू नका, त्याच्याशिवाय गोडवा सपाट लागतो. मग दोन मोठे चमचे घाण्याचं शेंगतेल आणि चार मोठे चमचे काकवी एकत्र कोमट करून त्यावर ओतायचं आणि हातानंच चोळायचं, चमच्यानं नाही, प्रत्येक ओट ओला दिसला पाहिजे पण बुडाला काही साठलं नाही पाहिजे. सात इंची केकच्या टिनमध्ये, बोटाच्या एका पेराएवढा थर, त्याच्यावर नाही. १४० ला पंधरा ते अठरा मिनिटं, दर पाच मिनिटांनी हलवायचं, शेवटची पाच मिनिटं हात लावायचा नाही. मनुका, खारीक वगैरे सगळं बाहेर काढल्यावर, आत घातलं तर मनुका फुगून फुटाण्यासारखी टणक होते.

१४० चं पण सांगतो, कारण कामावर भट्टीचं टेंपरेचर बघायची सवय, म्हणून एक दिवस थर्मोकपल (भट्टीचं तापमान मोजायचा तारेचा सेन्सर) आणून बास्केटमध्ये सोडून बघितला. बटण १४० वर, आणि आतलं तापमान १३० पासून १५५ पर्यंत वरखाली होत होतं, कॉइल बंद-चालू होते ना. म्हणजे बटणावर १६० ठेवलं की मधनंमधनं आत त्याच्याही वर जात असणार, आणि मधातली आणि काकवीतली साखर त्याला टिकत नाही, लगेच करपते. तुमच्या मशीनचा हिशोब वेगळा असेल, त्यामुळं पहिल्या घाण्याला १३० पासून सुरू करा आणि बाराव्या मिनिटापासून समोर उभं राहा.

आता काकवी. माझ्या मते कोल्हापुरात राहून ग्रॅनोलात मध घालायची गरजच नाही. आपला गूळ जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालेला, आणि हंगामात पन्हाळ्याच्या वाटेला कुठल्याही गुऱ्हाळावर थांबलं की ताजी काकवी मिळते, बाटली घेऊन गेलं की भरून देतात. काहिलीतला रस गुळाच्या थराला जायच्या आधीच काढतात ती काकवी, म्हणून ती पातळ राहते आणि ओट्सला एकसारखी लागते. गूळ वितळवूनपण करून बघितलं, चव भारी, पण पाक जरा पुढं गेला की चिक्कीच होते, ओट्सचे गोटे होतात आणि आईला चावत नाही. मधाचा सहज होतो पण रंग लई लवकर धरतो. काकवीला एक वेगळीच खमंग, किंचित खारट चव असते, त्यात सुंठ आणि तीळ पडले की संक्रांतीच्या आसपासचा वास येतो घरात. फक्त एक, काकवीत पाणी जास्त असतं त्यामुळं ती उन्हाळ्यात बाहेर टिकत नाही. एप्रिलमध्ये माझी अख्खी बाटली फेसाळली, झाकण उघडलं तर फस्स करून आवाज आणि आंबूस वास. टाकून द्यावी लागली, जीव हळहळला. तेव्हापासून फ्रीजमध्ये, आणि हंगाम संपायच्या आत चार बाटल्या भरून.

पंख्याचा त्रास हा एअर फ्रायरचाच, ओव्हनमध्ये होत नाही. यात वारा वरनं जोरात खाली येतो, म्हणून पदार्थ भराभर वाळतो, आणि म्हणूनच हलकं काही टिकत नाही. नागपंचमीला ज्वारीच्या लाह्या उरल्या होत्या, म्हटलं घालू ग्रॅनोलात, अर्ध्या मिनिटात आत तडतड आवाज, बघतो तर लाह्या भिरभिरत वर कॉइलला. लाह्या, राजगिऱ्याच्या लाह्या, खोबऱ्याचा कीस, सगळं नंतर, ग्रॅनोला गरम असतानाच मिसळायचं म्हणजे चिकटतं. बेकिंग पेपर लावणार असाल तर रिकाम्या मशीनमध्ये नुसता पेपर ठेवून प्रीहीट करू नका, तो उडून कॉइलला लागतो. मी पेपर सोडलाच, टिनला तेलाचं बोट फिरवलं की पुरतं.

गुठळ्या पाहिजेत का सुटा पाहिजे हे घरात दोन पक्ष आहेत. मुलांना गुठळ्या लागतात. त्यासाठी शेवटचं हलवून झालं की वाटीच्या बुडानं दाबून घ्यायचं आणि नंतर टिन बाहेर काढून ओट्यावर अर्धा-पाऊण तास तसाच सोडायचा. गरम असताना तो मऊच लागणार, तेव्हा "झालं नाही" म्हणून परत आत घालू नका, तिथंच सगळे जाळतात. पाक गार झाल्यावर आवळतो, चिक्की कशी ताटात पसरल्यावर घट्ट होते तसंच. गार होताना कान जवळ नेला तर बारीक टिकटिक ऐकू येते, माझी धाकटी ते ऐकायला ओट्याला हनुवटी लावून उभी असते. ती टिकटिक थांबली की मोडायचा.

एक महत्त्वाचं, स्वयंपाकघरातला पॉइंट बघून घ्या. १५०० वॉट म्हणजे साडेसहा अँपिअर होतात आणि मिक्सरचा साधा पॉइंट सहाचा असतो. मी महिनाभर एक्स्टेन्शन बोर्डवर चालवला, एक दिवस बोर्ड हाताला चटका बसेल इतका तापला होता आणि पिनेजवळ प्लास्टिक पिवळं पडलेलं. त्याच दिवशी वायरमनला बोलवून सोळा अँपिअरचा पॉइंट काढून घेतला. हे मशीन घ्यायच्या आधी करायला पाहिजे होतं, घरात मुलं आहेत.

पावसाळा. थंडीत आणि उन्हाळ्यात माझा ग्रॅनोला तीन आठवडे खणखणीत राहिला, पण जुलैमध्ये आपल्याकडं पाऊस बसतो, आठ-आठ दिवस ऊन नाही, भिंतीला हात लावला तर ओल, तेव्हा तिसऱ्या दिवशीच नरम पडायला लागला. गूळ-काकवीचा हाच स्वभाव, हवेतलं पाणी ओढून घेते. आधी वाटलं माझंच काहीतरी चुकतंय. मग दोन गोष्टी केल्या. एक मोठी बरणी सोडून चार छोट्या काचेच्या बाटल्या, एक संपल्याशिवाय दुसरी उघडायची नाही. आणि नरम पडलाच तर १२० ला चार मिनिटं, बाहेर काढून गार केला की पहिल्यासारखा. हे मात्र एअर फ्रायरचं खरं सुख आहे, वाटीभर ग्रॅनोलासाठी कुणी ओव्हन तापवत नाही, इथं दात घासून होईस्तोवर काम होतं. महिन्यावर मात्र ठेवू नका, शेंगदाणे आणि बिया खवट होतात.

पैशाचं बोलायचं तर साडेतीनशे ग्रॅमच्या जरा आत तयार होतो आणि मला तो सव्वाशे रुपयांच्या आसपास पडतो. ओट्स, तीळ, शेंगदाणे लक्ष्मीपुरीतनं एकदम आणतो, पाकिटापेक्षा सुटं स्वस्त पडतं. लाईटचं म्हणाल तर वाळवणं धरून पंचवीस मिनिटांत अर्ध्या युनिटच्या आसपासच, कॉइल सारखी चालू नसते. आणि हे पण सांगतो, काकवी घातली म्हणून तो साखर नसलेला पदार्थ होत नाही, साखरच आहे ती. आईला शुगर आहे, तिच्यासाठी वेगळा घाणा काढतो, काकवी एकच चमचा, तेल नेहमीचं, दालचिनी जास्त, आणि ती तो दह्यात घालून थोडासाच खाते. मला स्वतःला म्हशीचं कोमट दूध आणि वरनं ग्रॅनोला, दोन मिनिटं थांबून, कडा मऊ झालेल्या आणि मधला भाग कुरकुरीत असताना.

मशीनची तक्रार दोन. बास्केटचं कोटिंग एका कोपऱ्यात गेलंय, सुरुवातीला टिन न वापरता स्टीलच्या चमच्यानं हलवायचो त्यामुळं, आता लाकडी उलथणं. आणि चार लिटर आम्हा पाच जणांना कमी पडतो. थर जाड केला की मधला भाग वाळत नाही म्हणून दोन घाणे काढावे लागतात. आज घ्यायचा असता तर खोल बास्केटचा सोडून आडव्या ट्रेचा घेतला असता. नुसत्या ग्रॅनोलासाठी नवीन घेत असाल तर तेच सांगीन, आणि घरात ओव्हन असेल, माणसं जास्त असतील, तर एअर फ्रायर घेऊच नका, ओव्हनमध्ये एका वेळेला किलोभर होतो.

परवा राखीला बहीण आली होती पुण्याहून, जाताना दोन बाटल्या घेऊन गेली आणि काल फोन, काकवी कुठं मिळेल म्हणून. हंगाम सुरू झाला की तिच्यासाठी एक बाटली जास्त भरायची आहे. आणि यंदा दिवाळीला पाऊस लांबला तर आईचे चिवड्याचे पोहे यातच वाळवून बघणार आहे, पातळ पोहे उडतील म्हणून वरनं जाळी दाबून, १०० वर. आई तयार झालीय, पण पहिला घाणा पाव किलोचाच करायचा म्हणाली.