लोअर केलेली गाडी: नुसता टो जुळवायचा की कॅम्बरही सरळ करायचा?

गाडी खाली घेतली (लोअर केली, म्हणजे सस्पेन्शन बदलून तिची उंची कमी केली) की काही महिन्यांत टायरची आतली कड तुळतुळीत होते आणि सगळा दोष कॅम्बरच्या, म्हणजे चाकाच्या उभ्या कलाच्या, माथी मारला जातो. मग प्रश्न येतो: नुसता टो, म्हणजे चाकाचं तोंड किती आत-बाहेर वळलंय ते, जुळवून भागेल, की कॅम्बरचा कोन बदलू देणारे सुटे भाग, म्हणजे कॅम्बर बोल्ट, कॅम्बर प्लेट, मागचे अ‍ॅडजस्टेबल आर्म यांवरही खर्च करावा? माझं मत आधीच सांगून टाकतो. रोजच्या वापरातल्या, २५-३० मिमी खाली घेतलेल्या बहुतेक गाड्यांना नीट जुळवलेला टो पुरतो.

कारण साधं आहे. कॅम्बर म्हणजे चाक वरून आत कललेलं, पण तोंड मात्र सरळ पुढे. टो चुकला की चाकाचं तोंडच तिरकं होतं आणि ते सतत थोडंथोडं आडवं ओढलं जातं. एका चाकाचा टो ०.१ अंशाने चुकला तर दर किलोमीटरमागे सुमारे पावणेदोन मीटर आडवी ओढ बसते. दहा हजार किलोमीटरला ती साडेसतरा किलोमीटर होते! रबर लवचिक असल्यामुळे ही सगळी ओढ घासण्यात जात नाही, तरी अंदाज येतो. आणि ०.१ अंश म्हणजे किती? ६०० मिमी व्यासाच्या चाकाच्या पुढच्या आणि मागच्या कडेत जेमतेम १ मिमीचा फरक. डोळ्यांना तो दिसतच नाही.

कॅम्बरचं तसं नाही. २०० मिमी रुंद टायर २ अंश कलला तर आतल्या आणि बाहेरच्या कडेच्या उंचीत सुमारे ७ मिमी फरक पडतो. त्यातला बराचसा टायर स्वतः दबून गिळतो, उरलेल्याने आतली कड हळूहळू झिजते. दीड अंशापर्यंतचा कॅम्बर आणि योग्य टो अशी जोडी टायर फारसं खात नाही. त्याच कॅम्बरला टो-आउटची (चाकांची तोंडं पुढे बाहेरच्या बाजूला वळलेली) साथ मिळाली, की आधीच भार घेणारी आतली कडच आडवी घासते आणि रबराखालच्या पोलादी तारा दिसायला लागतात.

आपल्या गाडीत नेमकं काय चाललंय हे खर्चाआधी टायरलाच विचारा. स्टिअरिंग पूर्ण वळवून पुढच्या टायरच्या नक्षीवर आडवा हात फिरवा, आतून बाहेर आणि मग बाहेरून आत. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं टोचलं, तर टो चुकलाय. दोन्ही दिशांना सारखंच गुळगुळीत, फक्त आत खोली कमी, तर कॅम्बर. मागच्या टायरची आतली कड उभ्या उभ्या दिसत नाही, तिथे वाकून हात घालावाच लागतो. बहुतेक जण घालत नाहीत आणि म्हणूनच मागचे टायर अचानक 'गेलेले' सापडतात.

आता सस्पेन्शन. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअब्सॉर्बरचा एकच उभा खांब) असेल तर साधारण लोअरिंगने कॅम्बर सहसा एका अंशाच्या आतच वाढतो, पण टाय रॉडचा (स्टिअरिंगकडून चाकाला वळवणाऱ्या दांड्याचा) कोन बदलल्यामुळे टो हलतोच. इथे कॅम्बर किट हा पहिला खर्च नव्हे. मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागच्या चाकांना जोडणारा एकच आडवा तुळई) असेल तर गाडी खाली घेतल्याने तिथे जवळपास काहीच बदलत नाही. मागे मल्टिलिंक किंवा डबल विशबोन (प्रत्येक चाक वेगवेगळ्या आर्मवर स्वतंत्र टांगलेलं) असेल तर मात्र गोष्ट वेगळी. चाक वर सरकताना ते आत कलावं अशीच त्यांची रचना असते, त्यामुळे कॅम्बर सहज दोन अंशांच्या पुढे जातो आणि मूळ बोल्टची हालचाल संपते. तिथे अ‍ॅडजस्टेबल आर्म घ्यावेत, टाळाटाळ करू नये.

पुढे किट घ्यायचंच झालं तर बोल्ट की प्लेट? बोल्ट स्वस्त, पण स्ट्रट आणि नकल (चाकाचा हब धरणारा भाग) दोन बोल्टांनी जोडलेले असतील तरच बसतो, आणि ठरलेल्या टॉर्कने (आवळण्याच्या जोराने) आवळला नाही तर सरकतो. प्लेट स्ट्रटच्या वरच्या टोकाला बसते आणि पक्की. मात्र ट्रॅकवाले ती कॅम्बर वाढवायला घेतात. कमी करायच्या दिशेने स्ट्रट टॉवरमध्ये (बॉडीत स्ट्रट बसतो त्या जागी) जागा बेताची असते आणि रबर नसलेली प्लेट केबिनमध्ये खडखडाट आणते. टायर वाचवायला प्लेट घेणं मला तरी पटत नाही.

तिसरा पर्याय कोणी सुचवत नाही. कॉइलओव्हर (उंची कमी-जास्त करता येणारं सस्पेन्शन) असेल तर गाडी १० मिमी वर घ्या. दिसण्यात फरक नगण्य, कोनांत लक्षात येण्याजोगा, आणि वेगळा सुटा भाग लागत नाही.

कुठलाही पर्याय निवडा, अलाइनमेंट (मशीनवर चाकांचे कोन जुळवणं) चारही चाकांची हवी. नव्या स्प्रिंग थोडं चालवून बसू द्या आणि त्यानंतरच गाडी न्या. क्रम असा: आधी मागची चाकं, मग पुढचा कॅम्बर, टो सगळ्यात शेवटी, कारण कॅम्बर हलवला की टो आपोआप हलतो. स्क्रीनवर हिरवं दिसलं म्हणून समाधान मानू नका. ती हद्द मूळ उंचीच्या गाडीसाठी असते, आणि तिच्या आतल्या काठावरचा टो-आउट तुमच्या कॅम्बरसोबत टायर खाऊ शकतो. पुढे शून्याच्या आसपास, मागे किंचित टो-इन (तोंडं पुढे आत वळलेली) मागा आणि आधीचे-नंतरचे आकडे छापून घ्या.

आतली कड आधीच झिजली असेल आणि टायरवर आत-बाहेरची खूण नसेल, तर तो रिमवरून काढून उलटा बसवता येतो. फिरण्याची दिशा ठरलेली असेल तर उलटा करून दुसऱ्या बाजूच्या चाकावर. तारा दिसत असतील तर मात्र थेट बदलायचा.